पंधराशे तास कुणाच्या पैशाने?

अहमदाबादच्या एअर इंडिया विमान अपघातानंतर आमच्या अकोल्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. अजूनही अधूनमधून कोणीतरी तो पुन्हा टाकतं: अमेरिकेत १५०० तास उडवल्याशिवाय विमान कंपन्या दारात उभं करत नाहीत, आपल्याकडे २०० तासांच्या पोरांना कॉकपिटमध्ये बसवतात, तोच नियम भारतातही आणा. मी अकरा वर्षं ॲरिझोनात राहते, मेसाच्या फाल्कन फील्ड विमानतळापासून दहा मिनिटांवर. माझा भाचा इथेच उडायला शिकला. त्याची पै न् पै मी पाहिली आहे, म्हणून या मेसेजला नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

आधी त्या अपघाताबद्दल. १२ जून २०२५ च्या त्या विमानात मुख्य वैमानिकाच्या नावावर १५,६०० हून जास्त तास होते आणि सहवैमानिकाच्या नावावर ३,४०० हून जास्त. प्राथमिक अहवालातच हे आकडे आहेत. अमेरिकेतला नियम २००९ मध्ये बफेलोजवळ झालेल्या कोलगन एअरच्या अपघातातून आला. त्या दोन्ही वैमानिकांचे तासही १५०० च्या बरेच वर होते. पन्नास माणसं गेली. घरच्यांनी खासदारांचा पिच्छा पुरवला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही १५०० तासांची अट लागली. लष्करातून आलेल्यांना आणि विमानविद्येची पदवी घेतलेल्यांना त्याहून कमी तास चालतात. त्याच कायद्याने वैमानिकांच्या विश्रांतीचे नियमही बदलायला लावले. त्या कुटुंबांनी मिळवलेली मोठी गोष्ट ती, असं माझं मत आहे. तासांची अट मात्र इथे निभावली जाते ती वेगळ्याच कारणाने.

सेस्ना १७२ या शिकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या विमानाच्या पॅनलवर हॉब्स मीटर नावाचं छोटंसं मीटर असतं. इंजिन सुरू झालं की ते चालू होतं आणि दर सहा मिनिटांनी एक आकडा पुढे सरकतो. भाड्याचं बिल त्याच्यावरच बनतं. भाच्याच्या वेळी इंधनासकट ताशी १७५ डॉलर भाडं होतं, म्हणजे एक आकडा सरकला की आपले दीड हजार रुपये. इथे उन्हाळ्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास जातो, हवा विरळ होते आणि छोट्या विमानाला वर चढणं जड जातं. त्यामुळे शिकणारे सगळे भल्या पहाटे येतात. अशाच एका पहाटे मी मागच्या सीटवर बसले होते. धावपट्टीपाशी आमच्यापुढे सहा-सात विमानं रांगेत होती, टॉवर एकेकाला सोडत होता. भाच्याचे कान रेडिओकडे आणि डोळे मीटरकडे. तीनाचा चार झाला, चाराचा पाच. 'मावशी, अजून जमिनीवरच आहोत,' एवढंच म्हणाला.

या दराने १५०० तास विकत घेतले तर सव्वादोन कोटी रुपये होतात. इथलं कोणीही तसं करत नाही. भाच्याचा रूममेट ओहायोचा होता. त्यानेही लाखभर डॉलरचं कर्ज काढलं होतं. पण कमर्शियल लायसन्स हातात येताच त्याने इन्स्ट्रक्टरचं रेटिंग, म्हणजे शिकवण्याची परवानगी, घेतली आणि त्याच शाळेत शिकवायला लागला. मीटर तेच, पण आता बिल विद्यार्थी भरतो आणि याला तासही मिळतात, पगारही मिळतो. कोणी जाहिरातींचे कापडी फलक ओढत उडतं, कोणी पॅराशूटवाल्यांना वर नेऊन सोडतं. सर्वांसाठी खुले असलेले पाच हजारांहून जास्त विमानतळ या देशात आहेत, म्हणून ही कामं आहेत. पंधराशेची अट या सगळ्याच्या जिवावर टिकून आहे.

आता आपल्याकडे बघा. माझ्या ताईने या पोराच्या शिक्षणासाठी मूर्तिजापूर रस्त्यावरची तीन एकर जमीन विकली. आधी बँकेत गेली होती, तर साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागितलं, आणि तारण ठेवायला तीच जमीन होती. महाराष्ट्रातल्या एका उड्डाण शाळेने निम्म्याहून जास्त फी आगाऊ घेतली. चौदा महिन्यांत पोराचे बासष्ट तास झाले. विमानं सुट्या भागांची वाट बघत हँगरमध्ये उभी, एक इन्स्ट्रक्टर मध्येच सोडून गेलेला, मग पावसाळा. शेवटी उरलेले तास पूर्ण करायला तो इकडे आला. त्याच्या व्हिसावर शिकत असताना काम करायला बंदी होती. रूममेट कमवायला लागला तेव्हा याने बॅग भरली.

परत गेल्यावर डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या, परीक्षा, मेडिकल, लायसन्स बदलून घेणं, आणि एवढं करूनही एअरबसच्या टाइप रेटिंगचे, म्हणजे त्याच प्रकारचं विमान उडवण्याच्या खास प्रशिक्षणाचे, आणखी काही लाख समोर उभे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. तेव्हापासून 'वैमानिकांचा तुटवडा' हा मथळा मी सतत वाचते. तुटवडा आहे तो अनुभवी कॅप्टनांचा. दोनशे तासांची मुलं लायसन्स घेऊन घरी बसली आहेत.

या मुलांवर उद्या १५०० ची अट घातली तर काय होईल? ज्यांच्याकडे कोटी आहेत तेवढेच उरतील. बाकीच्यांचे तास लॉगबुकात पेनने वाढतील. पार्कर पेनचे तास हा शब्द या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सुरक्षेच्या नावाखाली हे होणं मला भयंकर वाटतं.

अट वाढवायचीच असेल तर आधी तासांचे पैसे विमान कंपन्यांनी भरावेत. बाँड लिहून घ्यावा, पगारातून कापावेत, पण जोखीम त्यांची असावी. आगाऊ फी घेणाऱ्या शाळेने जेवढे तास उडवले तेवढेच पैसे उचलावेत, बाकीचे बँकेत अडकून राहावेत. २०२४ मध्ये मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षणावर जीएसटी लागणार नाही हे स्पष्ट झालं, ते चांगलंच झालं. त्याच वर्षी एअर इंडियाने अमरावतीला बेलोऱ्यात वर्षाला १८० वैमानिक घडवणारी शाळा जाहीर केली. ताईच्या घरापासून दोन तासांवर. तिथली फी कोण भरणार, यावर ग्रुपवर अजून कोणी बोललेलं नाही.

भाच्याला मी सध्या असिस्टंट इन्स्ट्रक्टरचा कोर्स करायला सांगतेय. उरलेली शिल्लक टाइप रेटिंगमध्ये घालून नोकरीची वाट बघण्यापेक्षा शिकवत तास वाढव, म्हटलं. परवा ताईला फोनवर तेच समजावत होते, की आता मीटर दुसऱ्याच्या पैशाने फिरेल.

ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'म्हणजे आता दुसऱ्या कुणाच्या तरी शेतावर.'