‘प्रेशरनेच व्हॉल्व्ह वर येतो’ म्हणे. येतो की, थेट तोंडावर!

काल रात्री भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलेलं, “मामा, भारी आयडिया आहे, उद्या करून बघतो.” पोरगा नुकताच एका गोल्फ मैदानावर पाण्याच्या कामाला लागलाय. व्हिडिओतले गृहस्थ छातीठोकपणे सांगतात की जमिनीतल्या रोटरचा (पाणी सुरू केलं की वर येणाऱ्या फिरत्या फवाऱ्याचा) व्हॉल्व्ह बदलायला लाइन बंद करायची गरजच नाही. वरचा स्विच ऑफला फिरवा, व्हॉल्व्हला जागेवर धरणारी आतली सर्कलिप, म्हणजे स्प्रिंगसारखी कडी, काढा, प्रेशरच व्हॉल्व्ह वर आणून देईल. हातातला घास टाकून मी फोन लावला.

अहो, त्या ऑफने लाइनचं पाणी बंद होत नाही, फक्त व्हॉल्व्ह मिटलेला राहतो. व्हॉल्व्ह बसतो रोटरच्या बुडाशी. त्याच्या खाली लाइनचं सगळं प्रेशर, आणि त्याला दाबून धरणारी ती एवढीशी सर्कलिप. गोल्फच्या लाइनला दर चौरस सेंटिमीटरला 6 किलो प्रेशर म्हणजे रोजचंच. व्हॉल्व्ह 5 सेंटिमीटर व्यासाचा धरला, तरी खालून 120 किलोच्या आसपास रेटा येतो. सर्कलिप काढणारा त्या वेळी काय करत असतो? गुडघे टेकून, पक्कड आत घालून, भोकात डोकावत असतो! टोरो या कंपनीच्या अशा रोटरांच्या माहितीपत्रकात हीच ताकीद छापलेली आहे: प्रेशर असताना ही सर्कलिप काढली तर व्हॉल्व्ह वेगाने बाहेर उडून गंभीर इजा होऊ शकते, आधी प्रेशर काढा. वस्तू बनवणारा हे सांगतोय, आणि आपण ऐकायचं कुणाचं, तर मोबाइल उभा धरणाऱ्याचं.

पुढे म्हणे, “पंप बंद असला की भागतं.” नाही भागत. पाइपात पाणी असतंच, आणि मैदानाला चढउतार असतात. 10 मीटर उंचीला 1 किलो प्रेशर, हा साधा हिशोब. आधी त्या लाइनचं पाणी तोडणारा गेट व्हॉल्व्ह बंद करायचा, मग रोटरचा स्विच ऑनला फिरवायचा. रोटरचं डोकं वर येईल, फवारेल, मरगळेल, खाली बसेल. लाइनवरचा सगळ्यात खालचा रोटरही असाच मोकळा करायचा. मगच सर्कलिपला हात.

रोटरचा व्हॉल्व्ह चालवणाऱ्या 24 व्होल्टच्या वायरने जिवाला धोका नसतो, हे त्यांचं बरोबर आहे. घ्या, एक मार्क दिला. पण वायरच्या जोडाला साधी चिकटपट्टी गुंडाळून तो मातीत पुरू नका. सीलला पिवळं ग्रीस चोपडायचा सल्ला तर सरळ सोडून द्या, त्याने सीलचं ईपीडीएम जातीचं रबर फुगतं. आणि रोटर गळतोय म्हणून लगेच नवा व्हॉल्व्ह? आधी व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर खडा अडकलाय का ते बघा.

लाइन बंद न करता वेळ वाचतो, हेही खरंच. एक लाइन बंद केली की तिच्यावरचे सगळे रोटर थांबतात आणि हेडमाळी ओरडतो. भाच्यालाही हे पटलं. मग हळूच म्हणाला, “मामा, पण आमचा गेट व्हॉल्व्ह गवताखाली गेलाय, फिरतच नाही.”

म्हटलं, मग उद्या आधी कुदळ घे.