हिस्सा किती अन् शेड्यूल किती

"संरक्षणाच्या कारखान्यात परदेशी कंपनीचा हिस्सा ७४ टक्के चालतो म्हणे, मग त्या कारखान्यातून निघालेली तोफ आपली कशी म्हणायची?"

राजाभाऊंनी हे काढलं तेव्हा चहासुद्धा आला नव्हता. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या बजाजनगरातल्या आमच्या कट्ट्यावर राजाभाऊ म्हणजे जुने युनियनवाले. गेट मीटिंगला त्यांना कधी माइक लागला नाही, अन् कट्ट्यावर तर मुळीच लागत नाही.

सुध्या स्पर्धा परीक्षेचा, त्यामुळं सनावळी त्याच्या खिशात. "भाऊ, हे एका रात्रीत नाही झालं. २००१ ला खासगी कंपन्यांना दार उघडलं, तेव्हा परदेशी हिस्सा २६ टक्क्यांपर्यंत होता. २०१४ ला ४९ केला. २०२० पासून ७४ पर्यंत थेट, त्याच्या वर जायचं तर सरकारची मंजुरी. अन् भागीदारी म्हणजे दरवेळी त्यांचंच पारडं जड असं नाही. ब्रह्मोस बघा. १९९८ चा रशियासोबतचा करार, आपले ५०.५ टक्के, त्यांचे ४९.५. तेच क्षेपणास्त्र २०२२ ला फिलिपिन्सनं मागवलं."

"ब्रह्मोसमध्ये दोन्हीकडं सरकार आहे, ते मला सांगू नको. मी कारखान्यातल्या माणसाचं बोलायलोय. ४१ आयुध कारखाने होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांच्या सात कंपन्या केल्या. कामगार संपावर जायच्या तयारीत होते, तर आधी संपबंदीचा कायदा आणला. पाहुण्याला पायघड्या घालायच्या अन् घरच्याचं तोंड कामून बांधायचं?"

याच्यावर सुध्या गप्प झाला. मलाही तो कायदा तेव्हा खटकला होता, आजही खटकतो. पण राजाभाऊंची एक सवय आहे, खासगी म्हटलं की ते परदेशीच धरून चालतात. त्यांना तिथं अडवलं फौजी काकांनी. काका तोफखान्यात हवालदार होते, गाव धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याकडचं.

"आम्ही जो ३६ नंबरचा ग्रेनेड फेकत होतो ना, त्याची जात पहिल्या महायुद्धातली. आता नवा आलाय. डिझाइन डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचं, बनवणार नागपूरची खासगी कंपनी, २०२० ला दहा लाख नगांची ऑर्डर निघाली. यात परदेशी कोण आहे, दाखवा."

"अन् भाऊ," सुध्याला पुन्हा जोर आला, "२०२४-२५ ची निर्यात २३,६२२ कोटींची. त्यातली निम्म्याहून जास्त खासगीवाल्यांची. पण एकूण उत्पादन बघितलं तर तीन चतुर्थांश अजून सरकारी कंपन्यांचंच आहे. कुणी काही विकून खाल्लं नाही."

इतका वेळ दाजी बिस्किट बुडवत बसले होते. दाजींचं वाळूजला छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी, एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशिनी. ते कमी बोलतात, पण त्या दिवशी बोलले.

"मला ४९ का ७४, काडीचाही फरक पडत नाही. मला ड्रॉइंग पाहिजे अन् ड्रॉइंगच्या मागं शेड्यूल पाहिजे, म्हणजे कधी किती नग लागणार ते आधी कळलं पाहिजे. १९८५ ला बजाज इथं आलं अन् वाळूज उभं राहिलं ते कशावर? एकच पार्ट, रोज हजारोनं, अन् पुढच्या महिन्याचं शेड्यूल आधी हातात. त्याच्या भरवशावर लोकांनी मशिनी घेतल्या. मी एकदा संरक्षणाचा जॉब घेतला होता, एका मोठ्या कंपनीमार्फत. दीडशे नग. मटेरियलचं सर्टिफिकेट, त्याचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीचा नंबर, जुळला पाहिजे, प्रत्येक नगाच्या मापांचा सीएमएम रिपोर्ट. ते बरोबरच आहे, तिथं चूक चालत नाही. पण फिक्स्चरचा, म्हणजे नग मशीनवर धरून ठेवायच्या पकडीचा, खर्च दीडशे नगांवर वसूल कसा करू? पुढची ऑर्डर येईल म्हणून फिक्स्चर जपून ठेवलं. गंज चढायलाय त्याला. पेमेंटचं तर विचारूच नका. मशिनीचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला जातो."

"तुमचं छोटं काम होतं दाजी, मोठ्यांचं तसं नसतं," सुध्या म्हणाला.

मोठ्यांचंही तसंच असतं, हे मी त्याला सांगितलं. वज्र तोफ घ्या. कोरियाच्या हानव्हाचं तंत्र, बनवणार एल अँड टी, गुजरातेत हजिऱ्याला. २०१७ चा करार, शंभर तोफा. त्या वेळेवर झाल्या, शेवटची २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराकडं गेली. भागीदारी कशी चालावी याचा चांगला नमुना. अन् पुढच्या शंभर तोफांचा करार कधी? डिसेंबर २०२४ ला. मधली जवळपास चार वर्षं ज्यानं त्या तोफेच्या सुट्या भागांसाठी मशीन घेतली, माणूस तयार केला, त्यानं काय करायचं? टक्केवारीवर संसदेपासून कट्ट्यापर्यंत सगळे भांडतात, या चार वर्षांवर कुणी भांडत नाही.

"ड्रॉइंगचंही तेच," काका म्हणाले. "स्वीडनच्या बोफोर्सचा करार १९८६ चा, ४१० तोफा. लाचेचा गाजावाजा सगळ्यांना माहीत. पण त्या करारात तोफ बनवायची कागदपत्रंही आली होती, ती तशीच पडून राहिली. त्यांच्यावरून जबलपूरच्या आयुध कारखान्यानं धनुष तोफ केली, पहिल्या तोफा लष्कराला मिळाल्या त्या २०१९ ला. तेहतीस वर्षं! बाहेरच्यानं विद्या दिली नाही असं नाही, आपणच गाठोडं सोडलं नाही."

राजाभाऊ लगेच उसळले. "पण इंजिनाचं तर त्यांनी दिलंच नाही ना? ८३ तेजस विमानं मागवली २०२१ ला, अमेरिकेतून पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ ला. विमानं बनवणारी आपली सरकारी कंपनी, एचएएल, वाट बघत बसली."

हे खरं होतं, अन् त्याला कुणी फाटे फोडले नाहीत. तिथं राजाभाऊंची शंका रास्त आहे. जो भाग आपल्याला बनवता येत नाही, त्याच्यासाठी वाट बघावीच लागते, कंपनीत आपला हिस्सा शंभर टक्के असला तरी.

मग काका परांड्यावर गेले, ते जाणारच होते. मुलूखमैदान तोफ १५४९ ला अहमदनगरला ओतली, ओतणारा रूमी, म्हणजे तुर्कस्तानकडचा. पुढं ती परांड्याच्या किल्ल्यात होती. "तेव्हापासून बाहेरचा कारागीर अन् इथली भट्टी चाललंय."

"अन् मराठवाड्याच्या वाट्याला काय आलं?" दाजी हसले. "१६३२ ला ती तोफपण विजापूरला गेली."

हे मात्र लागलं. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, भुसावळ, खडकी, सगळीकडं आयुध कारखाने, मराठवाड्यात एकही नाही. २०१८ च्या बजेटमध्ये दोन संरक्षण कॉरिडॉर, म्हणजे शस्त्रनिर्मितीचे पट्टे, जाहीर झाले, ते उत्तर प्रदेश अन् तामिळनाडूला. आपल्याकडं शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत जमीन आहे, वाळूज-चिकलठाण्यात हात बसलेली माणसं आहेत, जालन्यात पोलाद आहे.

"उद्या आलाच तसला कारखाना बिडकीनला," राजाभाऊंनी दाजींना गाठलं, "तर तुमच्याकडं आयटीआयची पोरं कायम लागतील का कंत्राटी?"

"पाच वर्षांचं शेड्यूल लिहून दिलं तर कायम."

"अन् नाही दिलं तर?"

"मग मीच कंत्राटी, भाऊ. पोरांचं काय विचारता?"