ज्याला ओढायची तो ओढतोच? मग कंपनी लवादात कशाला गेली?

परवा एका मित्राने तोच मेसेज परत फॉरवर्ड केला. म्हणणं थोडक्यात असं, की डब्ल्यूएचओचा तंबाखू करार म्हणजे नुसता दिखावा, सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्याच्या फोटोंना कोणी भीक घालत नाही, टॅक्स वाढवला की स्मगलिंगच वाढतं, ओढायचीच तर ‘लाइट’, म्हणजे कमी कडक म्हणून विकली जाणारी सिगारेट ओढा, आणि आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते त्यांना काय झालं. खाली टाळ्यांचे इमोजी. म्हटलं आता एकदा लिहूनच टाकू.

दिखाव्याचं आधी बघू. २००० साली जगात साधारण तीन मोठ्या माणसांत एक जण तंबाखू घ्यायचा, २०२२ मध्ये हे प्रमाण पाचात एकावर आलं. मधल्या काळात, २००३ ला करार मंजूर झाला, २००५ पासून लागू झाला, आज १८० च्या वर देश त्यात आहेत. सगळी घट करारामुळेच झाली असं मी म्हणत नाहीये, आणि त्यात भोकंही आहेत, अमेरिकेने २००४ ला सही केली पण मंजुरी अजून नाही, इंडोनेशियाने तर सहीच केलेली नाही. पण ‘काहीच फरक पडत नाही’ हे कुठल्या हिशोबात बसतं?

आता फोटो. उरुग्वे हा जेमतेम ३४ लाख लोकवस्तीचा देश, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ताबारे वास्केस स्वतः कॅन्सरचे डॉक्टर. त्यांनी २००९ मध्ये पाकिटाचा ८० टक्के भाग इशाऱ्यांसाठी घेतला आणि एका ब्रँडचा एकच प्रकार विकायचा असा नियम केला, म्हणजे गोल्ड, ब्लू वगैरे बंद. २०१० मध्ये फिलिप मॉरिस ही बडी सिगारेट कंपनी थेट आंतरराष्ट्रीय लवादात! सहा वर्षं केस चालली, २०१६ ला कंपनी हरली आणि वर उरुग्वेला खर्चापोटी ७० लाख डॉलर द्यायला सांगितलं. ऑस्ट्रेलियाने २०१२ ला सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची केली तेव्हाही याच कंपनीने तेच केलं, तिथेही हात हलवत परत. ज्या फोटोंना कोणी बघतच नाही, त्यांच्यासाठी एवढे वकील कोण पोसतं हो?

टॅक्सचं गणित सोपंय. किंमत १० टक्के वाढली की श्रीमंत देशांत खप साधारण ४ टक्क्यांनी उतरतो, गरीब देशांत ५ टक्क्यांच्या आसपास, आणि पोरांवर जास्तच परिणाम होतो कारण त्यांच्या खिशात मुळात पैसे कमी असतात. स्मगलिंग होतं, नाही कशाला म्हणू. पण ही ओरड मोठ्याने कोण करतं ते बघा. कॅनडात २००८ मध्ये दोन मोठ्या सिगारेट कंपन्यांनी स्मगलिंगच्या केसमध्ये गुन्हा कबूल केला आणि दोघींना मिळून ३० कोटी कॅनेडियन डॉलर दंड झाला. म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

लाइटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त चीड आणणारा, कारण लोक चांगल्या हेतूने फसतात. अशी सिगारेट घेऊन फिल्टरवरचा कागद उजेडासमोर धरा, बारीक भोकांची एक रांग दिसेल. टेस्टिंगचं मशीन झुरका घेतं तेव्हा त्या भोकांतून हवा आत येते, धूर पातळ होतो आणि टारचा, म्हणजे धुरातल्या चिकट घातक अंशाचा आकडा कमी दिसतो. माणूस मात्र तिथेच बोटं धरतो, ओठांनी भोकं बुजवतो, आणि निकोटीन कमी पडलं की आपसूक खोल ओढतो. शेवटी फुप्फुसात जायचं तेवढं जातंच. म्हणून तर करारात असे फसवे शब्द पाकिटावर नकोत असं लिहिलंय.

राहिले आजोबा. त्यांना दीर्घायुष्य लाभलं, छान झालं. पण त्यांच्याबरोबर ओढणारे जे पन्नाशी-साठीत गेले ते ग्रुपवर मेसेज टाकायला येत नाहीत. ब्रिटनमध्ये १९५१ पासून ३४ हजारांवर पुरुष डॉक्टरांचा ५० वर्षं पाठपुरावा केला, हा अभ्यास करणाऱ्या संशोधकांत रिचर्ड डॉल हे मोठं नाव. ओढत राहिलेले न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. त्यातच हेही दिसलं की साठीला सोडली तरी ३ वर्षं परत मिळतात, पन्नाशीला ६, चाळिशीला ९.

फॉरवर्ड करणारा मित्र येत्या महिन्यात चाळीसचा होतोय.