दहा हजार पावलांची धास्ती नको

रोज दहा हजार पावलं चालायलाच हवीत, असं सांगणारा लेख वाचला; त्यातला हा आग्रह पटला नाही. हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पेडोमीटर, म्हणजे पावलं मोजायचं यंत्र, विकताना रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. दहा हजार ऐकून आमच्या सोसायटीतल्या कितीतरी जणी घराबाहेरच पडत नाहीत, याचं वाईट वाटतं.

गुडघे दुखायचे, म्हणून मी नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोनच फेऱ्यांनी सुरुवात केली. चार महिन्यांनी पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढले, वर पोचल्यावर डोळेच भरून आले! रात्री पोळीऐवजी नाचणीची भाकरी. सासूबाईंनी दाखवलं, पीठ उकळत्या पाण्यात उकडून मळलं की थापताना चिरत नाही. रविवारची मिसळ आहेच; मटकी जास्त, तर्री बेताची, पाव एकच.