दारू सुटल्यानंतरची संध्याकाळ

दारू सोडलेल्या माणसाचं आपल्या खानदेशात कौतुक होतं ते फार तर पंधरा दिवस. नारळ फुटतो, गळ्यात माळ पडते, बाया म्हणतात, "सुटली एकदाची!" मग जो तो आपापल्या कामाला लागतो. त्या माणसाचं खरं काम तेव्हा सुरू होतं, आणि त्यात त्याच्यासोबत कुणी उरत नाही.

माझा मोठा भाऊ, आप्पा, सावद्याकडे केळी करतो. त्याला सावरताना मी जवळून पाहिलंय, म्हणून हक्काने लिहितेय.

आधी शरीर. पिणारा माणूस धड जेवत नाही, आणि दारूमुळे बी-१ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. मग हातापायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच. पण वहिनीने त्याचं खाणं हातात घेतलं. सकाळी कळण्याची भाकरी आणि दूध, दुपारी उडदाची डाळ, शेतात जाताना खिशात गूळ-शेंगदाणे. पोट रिकामं राहिलं की आप्पा चिडतो आणि चिडला की त्याला तलफ येते, हे तिने नुसत्या त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं.

झोपेचं तर कुणी बोलतच नाही. पिणं थांबलं म्हणून झोप लगेच येत नाही, कित्येकांना काही महिने नीट लागत नाही. आप्पा रात्री दोन वाजता ओट्यावर येऊन बसायचा. घरातलं कुणीतरी हळूच त्याच्या तोंडाचा वास घ्यायला यायचं. तो काही बोलायचा नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवायचा नाही. अहो, विचारा ना सरळ, "झोप येत नाही का?" म्हणून!

सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळची. घड कापून झाले, गाडी भरली, हिशोब झाला, हातात पैसे आले की सगळे जिकडे वळायचे तिकडेच पाय वळतात. ही वेळ दुसऱ्या कशाने तरी भरावीच लागते. आप्पा आता मारुतीच्या देवळात हरिपाठाला जातो आणि आठवड्यातून एकदा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरलं, त्यातून ही चळवळ उभी राहिली. फी काही नसते. माळेवर माझी श्रद्धा आहे. पण लिव्हर, झोप आणि राग एकट्या माळेने ताळ्यावर येत नाहीत.

आणि आपण काय करतो? अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांचा डाव बसला की त्यालाच हाक मारतो. "नुसता बस ना भो, पिऊ नको." बोलावणारे वाईट नसतात, आपलीच माणसं असतात. पण त्या डावाशेजारी बाटली असते, आणि त्याला रात्रभर तिच्याकडे न बघता बसायचं असतं. त्याला आमरस खायला घरी बोलवा की!

दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगते. चहातून न सांगता दारू सोडवण्याचं औषध देऊ नका. अशा काही औषधांवर माणूस प्यायला तर छाती धडधडते, रक्तदाब एकदम खाली येतो, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि त्या माणसाच्या संमतीनेच द्यायचं. दुसरं, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो. दवाखान्यात न्या.

नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. मन खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६. दोन्ही फुकट आहेत. आमच्या भागातलं कुणी असेल आणि पहिल्या सभेला एकट्याने जायची लाज वाटत असेल, तर मला मेसेज करा. आप्पा सोबत यायला तयार आहे, फक्त गाडी भरायचा दिवस सोडून सांगा.