‘आधी टीडीएस भरा, मग मेंबरशिपचे पैसे घ्या’: हा मेसेज पुढे पाठवू नका

नाशिकमधल्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा: हॉलिडे क्लबची मेंबरशिप (आधी पैसे भरून दरवर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याची योजना) पडून असेल तर दिल्लीची एक कंपनी ती मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने विकून देते. आधी फक्त टीडीएस आणि फाईल चार्ज भरायचा, तो नंतर परत मिळतो. कंपनीकडे जीएसटी नंबर आहे, तुमचा मेंबरशिप नंबर त्यांना आधीच ठाऊक असतो, डिमांड ड्राफ्टचा फोटोही पाठवतात. म्हणजे काम खात्रीचे.

नाशिकरोडच्या प्रेसमधून, ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेल्या कितीतरी जणांकडे अशी मेंबरशिप आहे. मॉलमध्ये लकी ड्रॉचे कूपन भरले, हॉटेलात जोडीने बोलावणे आले, तास-दोन तास आग्रह झाला आणि सही करून बसले. आता प्रवास झेपत नाही, हव्या त्या तारखेला खोली मिळत नाही, मेंटेनन्सचे बिल मात्र दरवर्षी येते. अशा माणसाला सुटकेची आशा दाखवून लुटणे फार नीचपणाचे आहे, म्हणून या मेसेजमधले एकेक म्हणणे तपासू.

पहिले म्हणणे टीडीएसचे. टीडीएस पैसे देणारा कापतो, घेणारा आधी भरत नाही. एफडीवर हे सगळ्यांनी पाहिले आहे. बँक व्याजातून कर कापते, उरलेले खात्यात जमा करते आणि कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या नोंदीत दिसते. व्याज हवे असेल तर कर आधी आणून द्या, असे बँक कधी म्हणाली आहे का?

फाईल चार्ज, एनओसी, स्टॅम्प ड्युटी, जीएसटी यांनाही हीच कसोटी लावा. फोनवरच्या माणसाला सांगा, ‘जे काही लागेल ते माझ्या रकमेतून कापून घ्या आणि उरलेले पाठवा.’ गिऱ्हाईक खरे असेल तर दलालाला यात अडचण नसते. भामटा मात्र लगेच रिझर्व्ह बँकेचा नियम पुढे करतो. असा नियम नाही. रिझर्व्ह बँक कुणाच्या मेंबरशिपचे पैसे अडवत नाही आणि ते सोडायला शुल्कही घेत नाही. पहिली मागणी मुद्दाम छोटी असते. ती भरली की दुसरी येते, मग ‘शेवटची’, मग तिच्यानंतरची. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो आणि सगळा डाव त्यावरच उभा असतो. शिवाय पैसे बहुतेक वेळा कंपनीच्या नव्हे, कुठल्यातरी व्यक्तीच्या खात्यावर किंवा यूपीआयवर मागतात. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरायचे तर ते सरकारच्या ‘ग्रास’ प्रणालीतून जाते, कुणा साहेबांच्या खात्यावर नाही.

काही करारांत मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर करण्याचे शुल्क खरोखरच असते. पण ते मूळ क्लबला द्यायचे असते आणि करारात लिहिलेले असते. म्हणून फोन आला की आधी करार काढा आणि त्यावरच्या नंबरवर क्लबलाच विचारा. फोन करणाऱ्याने दिलेल्या नंबरवर नको.

जीएसटी नंबर म्हणजे फक्त नोंदणी, सचोटीचा दाखला नव्हे. शिवाय दुसऱ्याच कंपनीचा नंबर लेटरहेडवर छापायला काहीच लागत नाही. ड्राफ्टच्या फोटोचेही तेच. मेंबरशिप नंबर माहीत असणे हा तर उलट धोक्याचा इशारा आहे: सदस्यांच्या याद्या बाहेर फुटतात, विकल्या जातात.

आणि जास्त भावाचे गिऱ्हाईक? नवी मेंबरशिप विकायला कंपन्यांना भेटवस्तू आणि जेवण द्यावे लागते. तिथे जुनीसाठी कुणी जास्त का मोजेल?

हा प्रकार आपल्याकडचाच नाही. मेक्सिकोतल्या टाइमशेअरच्या, म्हणजे अशाच हॉलिडे मेंबरशिपच्या फसवणुकीत २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकनांनी मिळून जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याची तक्रार केल्याचे एफबीआय सांगते. त्यामागे हालिस्को कार्टेलसारख्या ड्रग टोळ्या निघाल्या.

पैसे गेले असतील तर लाजू नका, घरच्यांपासून लपवू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधी कळले तर ती गोठवता येते. पैसे आपण स्वतः पाठवलेले असल्याने बँकेकडून भरपाई मिळणे अवघड असते, म्हणून हा वेळ मोलाचा. मग काही दिवसांनी ‘बुडालेले पैसे मिळवून देतो’ म्हणणारा ‘वकील’ किंवा ‘सायबर अधिकारी’ फोन करेल आणि तोही आधी फी मागेल. त्याला एक रुपयाही देऊ नका.

मूळ क्लबविरुद्धच तक्रार असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे.