तीन एक्स वजा वीस

काल कन्येचा भूमितीचा चाचणीचा पेपर सहीसाठी घरी आला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. अर्धा गुण कापलाय. उत्तर बरोबर, आकडेमोड बरोबर, कारणसुद्धा बरोबर. पण कारण पुढच्या ओळीवर लिहिलं होतं आणि बाईंना ते समीकरणासमोर, त्याच ओळीत, कंसात हवं होतं. नुसतं कापून त्या थांबल्या नाहीत. लाल पेनानं त्या जागी एक रिकामा कंस काढलाय आणि आत प्रश्नचिन्ह.

गणित आठवीचं, समांतर रेषा आणि त्यांना कापून जाणारी छेदिका. एका बाजूचे दोन आंतरकोन, एक (३एक्स − २०) अंश, दुसरा (२एक्स + ५०). दोघांची बेरीज १८०. म्हणजे ५एक्स + ३० = १८०, एक्स ३०, कोन ७० आणि ११०. संपलं. यात अर्धा गुण कापायला जागा कुठे आहे, हे मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत बायकोला विचारत होतो. ती म्हणाली, "मला नको विचारूस, बाथरूमकडे बघ." कारण आमच्याकडे बाथरूमच्या फरशीचं काम चालू आहे आणि मिस्त्री चहाला बाहेर आले होते.

मिस्त्री बशीत चहा ओतत माझ्या खांद्यावरून पेपरात डोकावले.

"सायेब, ह्यो कोन किती हाय?"

"तेच काढायचंय. माहीत नाही."

"माहीत न्हाई?"

"नाही."

"मग त्यातनं वीस कमी कुणी केले?"

मी आवंढा गिळला. मी म्हटलं, ते दिलेलं असतं.

"आसं कसं? किती हाय ते माहीत न्हाई, पर त्याच्या तिप्पट करून वीस काढून घेतले. ज्यानं काढले त्याला आकडा माहीत आसणारच की. त्याला फोन लावा."

कन्या खो खो हसायला लागली. परीक्षेला अजून महिना आहे, हे तिला हसताना आठवत नाही.

मी एक्स म्हणजे काय ते समजावायला घेतलं. अज्ञात संख्येला एक्स म्हणायची पद्धत देकार्त नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १६३७ साली रूढ केली. त्याच्या आधी पाचशे वर्षं आपले भास्कराचार्य अज्ञातांना रंगांची नावं द्यायचे, कालक, नीलक, पीतक, लोहितक, अगदी टाइल्सच्या कॅटलॉगसारखी. मिस्त्रींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कंपासपेटीतला कोनमापक उचलला.

"मोजा की मग."

"मोजायचा नसतो. आकृती कच्ची आहे."

"कच्ची हाय तर पक्की काढा. मी कच्च्या लायनीवर फरशी लावली तर तुमी पैसं द्याल का?" त्यांनी कोनमापक ठेवलाच. साठ भरला. सत्तर नाही, साठ. "बघा, तुमचं उत्तर चुकलंय. बाईंनी अर्धाच कापला, सोडलं म्हणा तुमाला."

आता इथे मला एक सांगायचंय. ज्या देशात गावोगावचे गवंडी दोरी, ओळंबा आणि काटकोन तपासायचा गुण्या घेऊन घरं उभी करतात, तिथे पोरांना जे कोन शिकवतात ते मोजायचे नाहीत अशी अट घालून शिकवतात. आकृतीत एकमेकांपासून फाकलेल्या दोन रेघा समांतर माना. साठाचा दिसतो तो सत्तर माना. आणि हे सगळं निमूट मानणाऱ्या पोरीनं कंस विसरला की अर्धा गुण कापा. भूमितीचा जनक तो ग्रीक युक्लिड, त्यानं आंतरकोनांचा हाच नियम मांडला तेव्हा अंशबिंश नव्हतेच, तो म्हणाला दोन काटकोनांएवढी बेरीज, आणि त्यानं कारणं भरपूर दिली. पण ती कंसात दिली नव्हती. आमच्या शाळेत तो बेताच्या गुणांनी पास झाला असता.

असो. मी मिस्त्रींना म्हटलं, "या दोन रेषा समांतर आहेत ना, म्हणून बेरीज १८०."

"समांतर हायेत हे कुणी सांगितलं?"

"दिलंय."

"तुमच्या बिल्डरनंबी दिलंच हुतं. या हिकडं."

बाथरूम सात फूट बाय पाच फूट. निदान करारात तरी. मिस्त्रींनी टेप टाकला. दारापाशी रुंदी पाच, खिडकीपाशी पावणेपाच. मग दाराच्या कोपऱ्यातून बाजूच्या भिंतीवर तीन फुटांवर पेन्सिलची खूण, दाराच्या भिंतीवर चार फुटांवर दुसरी, आणि खुणेपासून खुणेपर्यंत तिरका टेप. काटकोन असेल तर बरोबर पाच फूट यायला हवं. आलं चार फूट अकरा इंच. "गुण्यात न्हाई," मिस्त्री म्हणाले, डॉक्टरनं रिपोर्ट वाचावा त्या आवाजात. मी मोबाइलवर हिशोब केला. कोपरा ८८ अंशांचा.

आणि इथे मला उत्साह आला. दाराची भिंत आणि खिडकीची भिंत मात्र समांतर होत्या, दोघींमधलं अंतर सगळीकडे सारखं आहे हे मिस्त्रींनीच मघाशी मोजलं होतं. म्हणजे बाजूची वाकडी भिंत ही छेदिका. म्हणजे खिडकीकडचा कोपरा ९२ चा असणार! मी ओरडलोच. कन्येनं भिंतीकडे बोट करून "आंतरकोन" असं म्हटलं, मोठ्यानं, कंस न घालता.

"मिस्त्री, न मोजता सांगतो. तिकडे तिरकं माप पाच फूट एक इंच येईल."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, कोपऱ्यात उकिडवे बसले, खुणा केल्या, टेप ताणला. पाच फूट एक इंच. सुतभरही इकडेतिकडे नाही. बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिनंसुद्धा पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात भूमितीनं मला पहिल्यांदाच मान मिळवून दिला होता.

मिस्त्रींनी टेप गुंडाळला.

"म्हंजे दोनी कोपरे गेले," ते म्हणाले. "मला वाटलं एकच आसंल. आता त्या भितीकडनं सगळ्या फरश्या तिरक्या कापाव्या लागतील. कटिंगचं वाढणार."

पस्तीस चौरस फुटांचे पैसे भरून मला चौतीसच मिळालेत, त्या एका फुटावर मी अजून व्याज भरतोय, आणि आता तो नसलेला फूट कापायचेही पैसे मीच द्यायचे. मी विचारलं, "किती वाढतील?"

"आत्ता न्हाई सांगता येनार."

"अंदाजे तरी?"

मिस्त्रींनी छताकडे पाहत बोटं मोजली. "किती हुईल ते काम झाल्याबिगर कळनार न्हाई," ते म्हणाले, "पर जे काय हुईल त्यात पाचशे जास्तीचे धरा."